लिहा हो, सगळं लिहा

"बीपीची गोळी चालू आहे, पण ते विम्याच्या फॉर्ममध्ये लिहायलाच हवं का? उगाच हप्ता वाढायचा."

काकांनी विचारलं. मी विमा एजंट; मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "लिहा हो. उद्या क्लेमचे कागद घेऊन मलाच फिरायचंय."

काका गप्प. मीही.

ग्राहकाचे आक्षेप कसे परतवायचे ते ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलं होतं. हे त्यात नव्हतं. गोळीचं नाव, डोस, कधीपासून, सगळं लिहिलं. आता मेडिकल होईल, कदाचित जादा हप्ता लागेल, कदाचित काका नकोच म्हणतील.

आमचं मोठं कमिशन पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर. लपवलेला आजार मात्र निघतो क्लेमच्या वेळी. तोवर एजंट (मी धरून) या धंद्यात असेल कशावरून?

तुमच्या पॉलिसीचा फॉर्म कोणी भरला होता? सही करण्याआधी वाचलात?