दहापर्यंत मोजा

सिंहस्थाच्या तयारीत शहरातल्या एका पोलीस ठाण्यात तास घ्यायला मला बोलावलं होतं. मी विशेष शिक्षिका, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवते. समोर वीसेक जण, बंदोबस्त उरकून आलेले, दोघं-तिघं पेंगत होते.

सुरुवात कलमापासून केली. कलम म्हटलं की पोलीस वही काढतात! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 सांगतं, मानसिक आजारामुळे भरकटलेल्या माणसाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मग आमच्या 19 वर्षांच्या विद्यार्थ्याला पुढे बोलावलं. आदल्या दिवशी आईबरोबर येऊन त्याने खोली पाहून ठेवली होती. एक हवालदार उठले.

"नाव काय रे तुझं?"

"नाव काय रे तुझं?"

"चेष्टा करतो का?"

"चेष्टा करतो का?"

सगळे हसले. हवालदारांचा आवाज चढला, हात सवयीने मुलाच्या दंडावर गेला. तो कान झाकून खालीच बसला. हात लावायचा नाही, हे मी आधी बजावायला हवं होतं. चूक माझीच.

पंखे बंद केले, सगळे गप्प बसलो. तो सावरल्यावर हळू आवाजात सांगितलं, ऐकलेलं वाक्य तो परत म्हणतो ते टर उडवायला नाही. उत्तर जुळवायला त्याला वेळ लागतो. एकदाच विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा.

त्याची मान होकारार्थी हलल्यावर हवालदारांनी टोपी काढली, खुर्ची ओढून जरा बाजूला बसले. "नाव सांग." चारपर्यंतही धीर धरवेना, तोंड उघडलंच. मी बोट दाखवलं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी आठाच्या आसपास मुलाने आडनावासकट नाव सांगितलं, वर आईचा मोबाइल नंबर, सगळे दहा आकडे.

महिन्याभराने त्याच हवालदारांचा रामकुंडावरून फोन आला. एक आजी एकट्याच पायरीवर बसून होत्या.

"मॅडम, दहा झाले तरी बोलेनात. सतराला बोलल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हशीची धार काढायची राहिलीय म्हणे. मी विचारलं, म्हैस कुठल्या गावची? तर सिन्नरकडचं गाव सांगितलं की! पोलीस पाटलांना फोन लावला. मुलगा निघालाय, आजी चहा पितायत."

"आणि म्हैस?"

"विकून वीस वर्षं झाली म्हणतो मुलगा. आजींना नाही सांगितलं."