डिकीतला चिरा

आमची फियाट १९८५ची, म्हणजे गोवा राज्य झालं त्याच्या दोन वर्षं आधीची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. बाबा पाय दाबून कळवायचे आणि गाडी सवडीने थांबायची.

बेळगावहून येताना चोर्ला घाट ते दुसऱ्या गियरमध्येच उतरायचे, थेट केरीपर्यंत. मागे बसेस हॉर्न वाजवून बेजार करत आणि आम्हा पोरांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होई. कारण पुढे कळलं. ड्रममध्ये लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, बंद डब्यात घासतात, उष्णता बाहेर पडायला वाट नाही. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब सरकतो, लायनरची पकडही सुटते. म्हणून उतारावर ब्रेकऐवजी इंजिनानेच गाडी आवरायची. पावसात आणखी एक तऱ्हा. पाण्यातून गेलं की ड्रम भिजायचे. मग बाबा डाव्या पायाने ब्रेक हलकाच दाबून धरत थोडं अंतर जायचे, लायनर वाळवायला.

गेल्या जूनमध्ये साखळीजवळच्या एका वळणावर पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पों पों करत सायकलवरून आडवा आला. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. गाडी उजवीकडे ओढत गेली आणि त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. पोदेराने टोपलीवरचं निळं प्लास्टिक नीट केलं आणि काही न बोलता निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मेकॅनिककडे गेलो आणि सवयीने इंजिनाचं रडगाणं सुरू केलं. तो म्हणाला, "पात्रांव, तें मागीर. पयलीं रावपाचें पळय." म्हणजे, ते नंतर, आधी थांबायचं बघ.

पुढच्या दोन चाकांना डिस्क, म्हणजे उघड्या चकतीला चिमटीत धरणारे ब्रेक, बसवायचं ठरलं. मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. पण ड्रममधला एक शू, म्हणजे लायनर बसवलेली कमान, फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आत ओढला जातो, तो फुकटचा जोर डिस्कला मिळत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणारा, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर आला. पायाच्या दाबाने ब्रेकचं तेल नळ्यांतून चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलला. जुन्यात एकच खण होता, एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. नव्यात पुढच्या-मागच्यांचे संसार वेगळे.

जुनं ब्रेक ऑइल निघालं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे तेल हवेतली ओल पीत राहतं, आणि आमच्याकडे ओलीला काय तोटा! डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की ही हद्द १४० वर येते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली तर नुसती दबते. घाटात पाय तळाला जातो तो असा. दोनेक वर्षांनी ते बदलायचं असतं म्हणे. आम्ही वर्षानुवर्षं वरून भर घालत आलो.

हवा काढायला मी सीटवर, तो चाकाखाली. "मार... मार... धर!" बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येत होते, आधी चण्याएवढे, मग मोहरीएवढे, मग नुसतं स्वच्छ पिवळसर तेल. पायाखालचा ब्रेक हळूहळू टणक होत गेला.

आता गाडी थांबते. इतकी, की पहिल्याच दिवशी आईच्या मांडीवरचा नारळ पुढे गेला आणि मागच्या भाड्याच्या जीपचे टायर किंचाळले. चाळीस वर्षांच्या फियाटला आता जागच्या जागी उभं राहता येतं, हे मागच्याने कसं ओळखायचं? त्यामुळे मी अजून लांबूनच वेग कमी करत जातो. घाटातही दुसराच गियर. माझी मुलगी मागे बसून तोंड लपवते.

मेकॅनिकने डिकी आवरताना जांभ्याचा अर्धा चिरा बाहेर काढला. चढावर गाडी लावली की बाबा तो मागच्या चाकाखाली सारत. "उडोवं?" फेकू का, असं त्याने विचारलं. हँडब्रेक मागच्या ड्रमांवरच चालतो आणि ते ड्रम अजून १९८५चेच आहेत. चिरा परत डिकीत ठेवला.