वांगणी ते चामटोली, नदीकाठाने

रविवार, 11 मे

पहाटेची कर्जत लोकल पकडली आणि बदलापूरहून एकच स्टेशन पुढे, वांगणीला उतरले. उल्हासच्या काठाकाठाने चामटोलीकडे चालत यायचं, तेही ऊन चढायच्या आत. “मे महिन्यात कसली नदी बघतेस?” सासूबाई काल म्हणाल्या होत्या.

पण उल्हास मेमध्येही वाहते, त्याची गंमतच आहे. घाटावरची आंध्रा ठोकरवाडी धरणात अडवून टाटांनी तिचं पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरवलं, 1922 पासून. वीज झाली की ते पाणी उल्हासला येतं. आंध्रा मूळची इंद्रायणीची. म्हणजे देहू-आळंदीवरून पंढरपूरला जायचं पाणी इथे पंपाने भेंडीला लागतंय, आणि खाली आमच्या नळांना.

काठावरच्या करंजाच्या फांद्यांवर, माझ्या डोक्याच्याही हातभर वर, प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. पुराची खूण. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस याच पट्ट्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना पाण्यातून काढलं होतं. आज खाली घोटाभर पाण्यात बगळा उभा.

शेतांत राब भाजून झालेत. शेण, पाला, माती थरांनी पसरून पेटवायचं, मग पावसात तिथेच भाताचा रोपा. एका काळ्या चौकोनावर हात ठेवला, राख अजून कोमट होती. मागे चंदेरीचा सुळका धुरकट.

पंपाजवळ एक काका पाइप जोडत होते. वाट विचारली.

“वाट हाये ना ताई, बैलगाडीची हाये. पण म्होरं कुंपण लागंल. बांधावरनं जा.”

“कधी घातलं?”

“दिवालीत. प्लॉट इकले ना.”

खरंच, दोनशे पावलांवर तार. गाडीच्या चाकोऱ्या तारेखालून सरळ पलीकडे गेलेल्या, मधे सिमेंटचा खांब. वहिवाटीचा रस्ता असा अडवता येत नाही. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत करायचा. बांधावर उभी राहून बोटांवर मोजले: दिवाळी ते मे. गेले की! मागे वळून काकांना सांगावं वाटलं. नाही सांगितलं. सांगून त्यांना नुसती चुटपुट लागली असती, असं तेव्हा वाटलं. आता रात्री तितकीशी खात्री नाही.

पुढे बांधाने, मग काटेरी जाळीतून. करवंदं मिळाली ओंजळभर. पळसाच्या पानात बांधून घेतली. साडेनऊला चामटोली, रिक्षा, घर.

सासूबाईंनी निम्मी मिठात टाकली. माझ्या बोटांना चीक अजून चिकटलाय, साबणाने जात नाही. गोडंतेल लावून बघते.