दम न लागणारे हृदय

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत रुग्णालयांची इतकी दाटी आहे की, शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची ‘फिटनेस’ घ्यायला आलेले रुग्ण हा माझ्या ओपीडीतला रोजचा आणि, खरे सांगायचे तर, कंटाळवाणा भाग असतो. काटोलकडचा सोळा वर्षांचा तो मुलगा वाकलेल्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी असाच आला होता. त्याच्या ईसीजीत मात्र बऱ्याच लीडमध्ये टी-लहरी (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाच्या लहरी) उलट्या होत्या.

दम लागतो का, असे विचारताच आई म्हणाली, “नाही जी, दम तर त्याला कधीच लागला नाही.” ते खरेच होते, परंतु भिंत धरल्याशिवाय ज्याला अंगण ओलांडता येत नाही, त्याला दम लागण्याइतके श्रम होणार तरी कधी?

मी त्याचे मोजे काढायला लावले. पावलांची कमान उंच होती. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय हलेना, आणि तळव्यावरून किल्ली ओढताच एरवी खाली वळणारा अंगठा मात्र वर उचलला गेला. आईवडील आते-मामे भावंडे असल्याचे कळल्यावर फ्रीडराइख अटॅक्सिया या शरीराचा तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा संशय बळावला. 1863 मध्ये वर्णिलेल्या या आजारात नवव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असतो, फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन कमी पडते आणि पेशींची ऊर्जानिर्मिती बिघडते. त्याची झळ मज्जातंतूंइतकीच हृदयाच्या स्नायूलाही लागते.

इकोत डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या कप्प्याच्या, भिंती 14 मिलिमीटर जाड दिसल्या, पण इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला त्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, 62 टक्के, अर्थात सामान्य होते. निव्वळ हा आकडा पाहून ‘फिट’ लिहून देणे सोपे होते. असे जाड, ताठर हृदय बाहेरून ठीक वाटले तरी शस्त्रक्रियेत सलाइन जास्त झाले किंवा कमी पडले, तर दोन्हीही त्याला झेपत नाही. म्हणून भूलतज्ज्ञांशी स्वतः बोललो, होल्टर (ठोक्यांची सलग नोंद ठेवणारे यंत्र) लावला आणि रक्तातील साखरही तपासली, कारण या रुग्णांना मधुमेह होऊ शकतो. नेहमीच्या जनुक-क्रमवाचनात या आजाराला कारणीभूत असलेली जीएए या डीएनए-अक्षरांची पुनरावृत्ती निसटू शकते, म्हणून नमुन्यासोबत आजाराचे नाव लिहून नेमकी चाचणी मागितली. निदान पक्के झाले आणि शस्त्रक्रिया तयारीनिशी पार पडली.

2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध मज्जासंस्थेच्या लक्षणांसाठी आहे, हृदयासाठी नव्हे. त्यामुळे दरवर्षी ईसीजी व इको करावेच लागणार, हे मी आईला समजावले. तिने धाकट्या मुलीविषयी विचारले. प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची 25 टक्के शक्यता असते, असे सांगून मी तिलाही तपासणीला आणायला सांगितले.