बेंडिंगचा एकच रकाना

नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घातलेल्या ग्लास-इपॉक्सीच्या पट्ट्या करायला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा त्या तपासून घ्यायला लागला. नागपुरात एम.टेक.चा प्रोजेक्ट करणाऱ्या पुढच्या बॅचलाही तपासणीचा तोच फॉर्म मिळणार, म्हणून लिहिते आहे.

पट्ट्या हँड ले-अपने, म्हणजे हाताने थर रचून झाल्या: ग्लास क्लॉथचे (काचेच्या धाग्यांच्या कापडाचे) थर, मध्ये इपॉक्सी हे चिकट रेझिन, त्यात वजनाने ०.३ टक्के कार्बन नॅनोट्यूब. ताण पेलतात कापडाचे धागे. पण दोन थरांमध्ये नुसतं रेझिन असतं आणि भेग तिथूनच पळते. नॅनोट्यूबचं खरं काम तिथे. म्हणून मला शॉर्ट बीम शिअर चाचणी हवी होती: आखूड पट्टी दोन जवळच्या आधारांवर ठेवून मधोमध दाबायची आणि थर कधी सुटतात ते पाहायचं. एएसटीएम या मानक संस्थेचं डी२३४४ हे मानक.

तपासणी केंद्राच्या फॉर्मवर रकाने तीनच: टेन्साइल (ताणणं), इम्पॅक्ट (आघात), बेंडिंग (वाकवणं). खिडकीवरचे काका म्हणाले, "मॅडम, बेंडिंगवर टिक करा, सारखंच असते ते." अजिबात सारखं नसतं! बेंडिंगला ते डी७९० हे दुसरं मानक लावतात, त्यात आधारांमधलं अंतर जाडीच्या १६ पट. मला हवं होतं ४ पट. लांब अंतरावर पट्टी वाकते, बाहेरचे धागे आधी तुटतात, थर एकमेकांवरून सरकायची वेळच येत नाही. नॅनोट्यूबचा फरक त्यात दबून जातो. मी टिक केली नाही, तर अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत. साहेबांची सही हवी, साहेब दौऱ्यावर. मग 'नमुना फार लहान' हा शेरा. अहो, लहानच असतो तो! जाडी ४ मि.मी. तर लांबी २४, रुंदी ८, हे मानकातच आहे. अजूनही आठवलं की राग येतो.

शेवटी गाइड सरांच्या पत्राला मानकातली आकृती जोडली, 'आधारांमधलं अंतर १६ मि.मी.' असं लाल पेनाने लिहिलं आणि थेट मशीनवरच्या दादांना गाठलं. त्यांनी कागद पाहिला आणि कपाटातून छोटं फिक्स्चर, म्हणजे नमुना ठेवायचा आधार काढला. इतके दिवस तो तिथेच होता! नॅनोट्यूबवाल्या पट्ट्यांचे थर साध्या पट्ट्यांपेक्षा जास्त भारावर सुटले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

हो, मिश्रण मे महिन्यात करणार असाल तर पहाटे करा. सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी नॅनोट्यूब रेझिनमध्ये पसरवणाऱ्या यंत्राने) रेझिन तापतंच, वर आपलं ४५ अंश. रेझिन थंड झाल्याशिवाय ते घट्ट करणारं हार्डनर घालू नका, भांड्यातच घट्ट होतं. नॅनोट्यूबची कोरडी पूड मास्कशिवाय उघडू नका. व्हॅक्यूमने रेझिन ओढू नका, कापड गाळणीसारखं नॅनोट्यूब अडवतं: रेझिन आत शिरतं तिथे काळंकुट्ट, दुसऱ्या टोकाला फिकं. आणि प्रत्येक प्रकाराचे किमान ५ नमुने लागतात. जास्तीचे आधीच कापून ठेवा, नाहीतर पुन्हा तीच खिडकी.