न भेटण्याची सोय

दोन मांजरांचं बिनसलंय हे घरातल्या माणसांना सहसा आवाजावरून कळतं. फिस्कारणं, गुरगुरणं, फुगलेल्या शेपट्या, जमिनीवर केसांचे पुंजके. पण हा तमाशाचा शेवट असतो. खरं भांडण त्याआधी कितीतरी दिवस मुक्यानं चाललेलं असतं. आमचा तरणाताठा बंड्या दाराच्या चौकटीत नुसता बसून असतो. पंजा चाटतो, मधूनच मान वळवून बघतो. पाहणाऱ्याला वाटावं, काय गुणी बाळ! दाराच्या पलीकडे शी-शूसाठी माती भरलेला ट्रे आहे आणि अलीकडे म्हातारी ठकी कळ सोसत बसली आहे, हे दिसायला मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवरून घर बघावं लागतं. मांजर आडवं गेलं की थबकणारी माणसं असतात. ठकीच्या थबकण्याला त्यांच्यापेक्षा भक्कम कारण आहे.

‘भांडू द्या, आपापसात मिटवतील’ हा सल्ला प्रत्येकाच्या खिशात तयार असतो. तो मला पटत नाही. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्यानं फिरणारं आणि एकट्यानं शिकार करणारं. कळपात राहणारे प्राणी भांडून झाल्यावर समेट करायला शिकतात. या जातीनं कटकटीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध वापरलं: लांब राहणं. आपण नेमकं तेच काढून घेतो. चार भिंतींत दोघांना कोंबतो, वर त्यांनी एका ताटात जेवावं अशी अपेक्षा धरतो. म्हातारीला नव्या पोराचं प्रेम नकोच असतं. तिला हवी असते त्याला न भेटता दिवस काढायची सोय.

म्हणून आधी वाटा मोकळ्या कराव्या लागतात. ट्रे किती हवेत, तर मांजरं जितकी त्याहून एक जास्त, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. पण तिन्ही ट्रे एका भिंतीशी ओळीनं मांडले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे. एक बंड्या बसलाय तिथे सगळेच बंद! वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचे, म्हातारीच्या ट्रेचा काठ ठेंगणा हवा. खाण्याची भांडी अशी ठेवायची की खाताना दुसऱ्याचं तोंड दिसू नये. पाणीही दोन ठिकाणी. आणि ठकीच्या आवडत्या कोपऱ्याला बाहेर पडायच्या दोन वाटा पाहिजेत; नाहीतर त्या कोपऱ्याचा पिंजरा व्हायला वेळ लागत नाही. कपाटाच्या माथ्यावर तिला आता उडी मारवत नाही, तिथे चढायला स्टुलांची उतरंड लावून द्यावी.

उडीवरून आठवलं. ‘म्हातारपणी चिडकी झाली हो’ असं आपण सहज म्हणून जातो. बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांच्या एक्स-रेंचा एक अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या नव्वद मांजरांमध्ये सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. त्यात दात दुखत असतील, मूत्रपिंडं थकली असतील, थायरॉइड वाढलं असेल. मांजर यातलं काही सांगत नाही, लंगडतही नाही फारसं. दुखऱ्या कमरेवर कुणी धपकन उडी मारली तर तुम्ही काय कराल? फिस्काराल. तेव्हा स्वभावाला नावं ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.

बंड्याची बाजूही ऐकायला हवी. तो खलनायक वगैरे नाही, त्याला भयंकर कंटाळा आलेला असतो. घरात हलणारी वस्तू एकच, ती म्हणजे ठकी. खेळ की दमदाटी हे ओळखणं सोपं आहे: खेळात पाठलाग करणारा थोड्या वेळानं स्वतः पळू लागतो आणि आवाज जवळजवळ नसतो. इथे पळणारी कायम एकच. काडीला बांधलेलं पीस घेऊन त्याला दमेस्तोवर पळवलं आणि लगेच खायला घातलं, की शिकार झाली, पोट भरलं, अंग चाटलं आणि स्वारी झोपली. हे ठकीच्या फेरफटक्याच्या वेळेआधी उरकलं तर फारच उत्तम. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. ठकी दिसली की ओरडा बसतो, एवढंच तो शिकतो, आणि राग तिच्यावर काढतो.

अगदीच हातघाईवर आलं तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून पहिल्यापासून ओळख करून द्यावी. आधी वासाची. एकाच्या गालावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या बिछान्यात. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग दाराची फट. यात घाई आपल्यालाच असते. चालू मारामारीत मात्र हात घालू नये. मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवावा.

आमच्याकडे येणारे विचारतात, झाली का दोघांची दोस्ती? गळ्यात गळे घालून झोपलेल्या मांजरांचे फोटो पाहून आलेले असतात बिचारे. तसलं काही झालेलं नाही. उन्हाची खिडकी सकाळी ठकीची, दुपारनंतर बंड्याची, आणि बदलाच्या वेळी दोघं एकमेकांकडे न बघता जातात. क्वचित ती जाता जाता त्याला एक चापटी देते, नख्या आत ठेवून. तो बाजूला होतो. कशाबद्दल दिली ते मी विचारत नाही.