मराठीला नवीन अक्षरं कशाला?

"अहो, मराठीत फॉन्ट काय कमी आहेत? ढिगाने पडलेत. मग ही पोरं वर्ष-वर्ष बसून नवीन अक्षरं कशाला काढतात? आणि तुम्ही दुकान बंद ठेवून ती बघायला का जाता?"

पत्रिका छापायला आलेली माणसं विचारतात, सोसायटीचा अहवाल घेऊन येणारे सेक्रेटरी विचारतात, गेल्या आठवड्यात नणंदेनेही विचारलं. दरवेळी गिऱ्हाईक समोर उभं असतं, म्हणून मी "आवड आहे" एवढं म्हणून विषय संपवते. ते उत्तर अपुरं आहे. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

गिरगावात माझं डीटीपीचं काम आहे, एकतीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, अहवाल, दोन दिवाळी अंक, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. वडील खिळेजुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. तेव्हा अक्षरं बघणं माझ्या घरातच होतं. पण डिझाइन शिकणाऱ्या मुलांच्या प्रदर्शनांना जायची सवय लागली ती एका लग्नपत्रिकेमुळे.

२०१२ सालची गोष्ट. मुलाकडच्यांचं आडनाव कुऱ्हाडे. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता, तो मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखा वाचता येईल अशा पद्धतीत, बदलून घेतला. त्या काळात आम्ही सगळेच तसं करत होतो, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी दिसायची. प्रूफ बघितलं, तारीख-मुहूर्त तपासला, पत्रिका छापल्या. तीनशे. संध्याकाळी मुलाचे आजोबा आले. पत्रिका टेबलावर ठेवली आणि आडनावावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, आमच्या नावावर हा रफार कोणी चढवला?"

तिथे छापलं होतं 'कुर्हाडे'. खाली 'वऱ्हाडी मंडळी'चंही 'वर्हाडी मंडळी' झालेलं. कुऱ्हाड तोडते त्यातला 'ऱ्ह' गेला आणि जीभ अडखळेल असं काहीतरी उरलं.

झालं कसं, तर हा आडवा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, तो कॉम्प्युटरला सांगायची एक रीत अशी: र, मग हलन्त म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. मजकूर बदलताना ते न दिसणारं चिन्ह गळलं. ते गेलं की उरलेल्या र आणि हलन्ताचा मशीन रफारच करतं. हिंदीला त्याने काही अडत नाही. आपल्याला अडतं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यास' स्वयंपाकाचे पैसे. फरक फक्त त्या एका कोरीचा.

पत्रिका मी माझ्या पैशांनी पुन्हा छापून दिल्या. पण आजोबांचं ते बोट डोळ्यांसमोरून जाईना. माणसाला आपलं नाव आपल्या लिपीत नीट छापून मिळू नये, ही साधी चूक नाही. तेव्हापासून कुठलाही फॉन्ट हातात आला की मी आधी त्याचा 'ऱ्ह' बघते.

वडिलांशी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, "अगं, मराठी कायम यंत्रापुढे वाकत आली आहे." ते खरं आहे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या खिळ्यांचं वळण पुढे कित्येक वर्षं नमुना म्हणून मानलं गेलं. पण खिळ्यांची संख्या बघून छापखानेवाल्यांच्या तोंडाला फेस यायचा. टिळकांनी खिळे कमी करायची खटपट केली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, इ-उ ऐवजी अि-अु. पुढे टाइपरायटर आला, त्याच्या कळा मोजक्या, म्हणून जोडाक्षरं मोडून अर्धं अक्षर आणि पुढे पूर्ण अक्षर अशी सुटी-सुटी बसवली. सरकारी कागदांवरची ती फटीफटीची मराठी माझ्या वयाच्या सगळ्यांनी वाचली आहे. त्या माणसांना मी दोष देत नाही. हातात जे यंत्र होतं त्यात त्यांनी भाषा बसवली.

आत्ताच्या मुलांचं काम मला मोलाचं वाटतं ते यासाठी. ती यंत्राला भाषेपुढे वाकवत आहेत.

याची सुरुवात आजची नाही. पवईला आयआयटीमध्ये १९६९ साली आयडीसी सुरू झालं, म्हणजे डिझाइन शिकवणारी शाळा. तिथे र. कृ. जोशी अक्षरं शिकवायचे. विंडोजमध्ये जो 'मंगल' फॉन्ट येतो, ज्याच्यावर कित्येकांनी युनिकोड मराठीतला पहिला शब्द लिहिला, तो जोशी सरांचा. रुपयाचं '₹' हे चिन्ह २०१० साली आलं, ते काढणारे उदय कुमार तेव्हा आयडीसीतच पीएच.डी. करत होते. वर शिरोरेषा, खाली आपला र. राज्य मराठी विकास संस्थेची 'यशोमुद्रा'ही आयडीसीच्या मदतीने झाली. पुढे मुंबईतच 'एक टाइप' नावाचा गट उभा राहिला. मुक्त, बलू, मोदक ही त्यांची अक्षरं. नावं माहीत नसली तरी तुम्ही ती रोज वाचता. वाढदिवसाच्या बॅनरवर जे गुबगुबीत, गोल कडांचं अक्षर असतं ते पुष्कळदा बलू असतं. 'मोदक' तर इतका जाड की अक्षराच्या पोटातल्या पोकळीची नुसती चीर उरते, तरी शब्द वाचता येतो. करून बघा म्हणजे कळेल किती अवघड आहे. आणि २०२२ साली त्यांचा 'अनेक' आला: नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, एकाच घराण्यातल्या. मराठी आणि तमिळ शेजारी-शेजारी बसवायची तर कुठली एक सावत्र वाटायची. इथे तशी वाटत नाही. शिवाय हे फॉन्ट मोफत आहेत. माझ्यासारख्या एका खोलीतल्या धंद्याला ही किती मोठी गोष्ट आहे, ते धंदा करणाऱ्यालाच समजेल.

काही लोक म्हणतात, आमचे कमल शेडगे नाटकाच्या जाहिरातीत एकेक नाव असं काढायचे की नाव वाचून नाटकाचा स्वभाव कळायचा, ती सर फॉन्टला कुठली. शेडग्यांची अक्षरं कापून मी वहीत चिकटवली आहेत, त्यामुळे मला हे वेगळं सांगायला नको. पण ते काम वेगळं आहे. त्यांना एक शब्द काढायचा असे, तो शब्द कसा वागेल ते त्यांच्या हातात. फॉन्ट काढणाऱ्याचा 'क' उद्या कोणाच्या शेजारी बसणार हे त्याला माहीत नसतं. 'क'च्या पुढे ऱ्हस्व, दीर्घ, रफार, अनुस्वार, खाली ऋकार, काहीही येऊ शकतं. शेकडो आकार काढायचे आणि ते सगळे कोणाहीसोबत गुण्यागोविंदाने नांदले पाहिजेत.

आणि मराठीचे स्वतःचे हट्ट आहेत, ते योग्यच आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की मराठीत श देठयुक्त आणि ल पाकळीयुक्त लिहावा. पण कॉम्प्युटरच्या लेखी हिंदीचा वेगळ्या वळणाचा ल आणि मराठीचा ल एकच. मग फॉन्ट काढणाऱ्याने दोन्ही आकार काढायचे आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की आपला ल पुढे येईल अशी सोय आत करून ठेवायची. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये वकिलाची पाटी करायला घेतली की 'ॲड.'च्या जागी चौकोन. शासनाच्या कागदावरचा नियम माझ्या दुकानातल्या पडद्यावर उतरतो तो कुणीतरी ते अक्षर बसून काढलं म्हणून.

यंदा एका प्रदर्शनात एक मुलगी भेटली, लातूरकडची. भोवती खुर्च्या होत्या, दिवे होते, बांबूची सायकल होती, गर्दी सगळी तिकडे. हिच्या टेबलावर नुसते ट्रेसिंग पेपर. तिचा विषय होता औषधाच्या डब्यांवरचं आणि पत्रकावरचं मराठी. तिथे अक्षर अगदी बारीक लागतं आणि कागद पातळ, शाई भरते. शाई भरली की काय होतं? 'ध' आणि 'घ' यांच्यात फरक असतो तो शिरोरेषेतल्या एका फटीचा. 'भ' आणि 'म'मध्येही तसंच. फट बुजली की ध-घ एक, भ-म एक. 'रु' आणि 'रू' तर चष्मा लावूनही ओळखू येत नाहीत.

तिने काय केलं होतं तर 'ध'ची फट नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद ठेवली होती. 'भ'चं डोकं शिरोरेषेपासून थोडं खाली वळवून आत गाठ मोकळी केली होती. जिथे दोन रेषा मिळतात तिथे आतून बारीकसा खाचा काढला होता, म्हणजे पसरलेली शाई त्यात मावेल आणि आकार बिघडणार नाही. मोठ्या छपाईत बघितलं तर अक्षर जरा चावल्यासारखं दिसत होतं. पण शेजारी तीच ओळ सहा पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरात, एकदा नेहमीच्या फॉन्टमध्ये आणि एकदा तिच्या. ती म्हणाली, "काकू, चष्मा काढून वाचा ना." मी काढला. वरच्या ओळीत मला 'घान्य' की 'धान्य' ते कळेना. खालच्या ओळीत कळलं.

'ळ'चे चौदा कागद होते. मी ते सगळे बघितले, एकेक. पहिल्यात दोन्ही गोल सारखे, म्हणून अक्षर चष्म्यासारखं दिसत होतं. चौथ्यात डावा गोल मोठा झाला. सातव्यात उजव्याचं टोक आत ओढलं. नवव्या कागदावर तांबड्या पेनने लिहिलं होतं, 'बोरूने असं वळेल का?' आणि शेजारी खरंच बोरूने काढलेला ळ होता. बोरूचं टोक तिरकं कापतात, इंग्रजी टाकाच्या उलट दिशेने, म्हणून आपल्या अक्षरात जाडी भलत्या ठिकाणी आली की डोळ्याला खुपते, कारण सांगता आलं नाही तरी. ही मुलगी ते कारण हाताने शोधत होती. चौदावा ळ इतका साधा होता की आधीचे तेरा बघितले नसते तर त्यात काही केलंय असं कुणाला वाटलंही नसतं.

माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते. त्यावर लिहिलेलं आहे: कुऱ्हाड, दर्या, दऱ्या, वाङ्मय, महाराष्ट्र, ॲड., कर्तृत्व, घर, धर. जिथे नवीन अक्षर दिसेल तिथे मी ती चिठ्ठी पुढे करते आणि म्हणते, एवढं टाइप करून दाखव. काही मुलं दचकतात. हिने लगेच लॅपटॉप ओढला.

कुऱ्हाड नीट आली. दर्या-दऱ्या वेगळे. 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' न तुटता एकावर एक बसला, मला भरून आलं. 'वाङ्मय'ला मात्र आम्ही दोघी थांबलो. 'ङ'चा ठिपका पुढच्या 'म'ला चिकटत होता. बारीक अक्षरात तो ठिपका नाहीसा होतो आणि 'वाड्मय' वाचलं जातं. मराठी अंकांत वर्षानुवर्षं चाललेली चूक आहे ती, पुष्कळांना तर आता 'वाड्मय'च बरोबर वाटतं. मी तिला तेवढं दाखवलं. ती काही बोलली नाही, वहीत 'ङ्म' लिहून त्याला गोल केला. मग विचारलं, "काकू, ठिपका वर नेऊ की म लांब सरकवू?" मी म्हटलं, "बाळा, म सरकवलास तर शब्द फाटेल. ठिपकाच बघ."

नऊ दिवसांनी व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला. ठिपका किंचित वर, पोटाच्या जवळ, आणि भोवती चारी बाजूंनी पांढरं. मी सहा पॉइंटात प्रिंट काढून वडिलांच्या भिंगाखाली धरला. ठिपका सुटा होता. तिला विचारून तिचा फॉन्ट मी घेतला आहे, पैसे देऊन, आणि यंदाच्या दिवाळी अंकातल्या टीपा त्यात लावते आहे. पान त्रेचाळीसवर 'वाङ्मय' तीनदा येतं.